कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांच्या घरात उंदरांचा बंदोबस्त: या चुका टाळा

खुराड्यात उंदराच्या लेंड्या दिसल्या की बहुतेकांचा हात आधी विषाच्या पाकिटाकडे जातो. अंगणात कोंबड्या फिरत असतील, दाराशी कुत्रं किंवा मांजर असेल, तर सगळ्यात घातक चूक तीच. शिवाय तिचा फारसा उपयोगही होत नाही. उंदीर कोंबड्यांसाठी येत नाही, त्यांच्या दाण्यासाठी येतो. दाणा रात्रभर उघडा असेल तर आज दहा मारले तरी त्यांची जागा घ्यायला दुसरे हजर होतात. मादी साधारण सहा आठवड्यांची झाली की वयात येते, गाभणकाळ जेमतेम 19 ते 21 दिवसांचा आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज. या वेगाशी नुसतं मारून बरोबरी होत नाही.

विष फक्त उंदरालाच लागतं, हा समज

बाजारातली बरीचशी उंदीरनाशकं रक्त गोठू देत नाहीत. ब्रोमाडायोलोन आणि ब्रोडिफॅकूम ही त्यातली नेहमीची नावं. रक्त गोठण्यासाठी शरीराला व्हिटॅमिन के लागतं. ही औषधं त्याचा पुनर्वापरच थांबवतात आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. पण हे लगेच होत नाही. विष खाल्लेला उंदीर बहुधा तीन ते सात दिवस जगतो. शेवटी तो सुस्तावतो, भर दिवसा उघड्यावर येतो, धड पळूही शकत नाही. असा उंदीर कोंबडीच्या तावडीत सापडायला वेळ लागत नाही. कोंबडी नुसते दाणे टिपत नाही; हाती लागलेला छोटा उंदीर ती मारते आणि गिळतेही. मांजराचं आणि घुबडाचं तर ते रोजचं अन्न. ब्रोडिफॅकूमसारखं विष यकृतात महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे थोडं थोडं पोटात गेलं तरी साचत जातं. कोंबडीच्या पोटात गेलेल्या विषाचा अंश अंड्यांतही उतरू शकतो, म्हणजे प्रश्न घरातल्या माणसांपर्यंत येतो.

'आम्ही कुलूपबंद डब्यात ठेवतो' असं बरेच जण सांगतात. त्या डब्यामुळे कुत्र्याचं तोंड थेट विषाला लागत नाही, एवढं खरं. पण विष खाऊन बाहेर पडलेल्या उंदराला डबा कसा अडवणार? त्यात सुटे दाणे किंवा गोळ्या असतील तर उंदीर त्या तोंडात धरून नेतो आणि दुसरीकडे साठवतो. ती साठवणीची जागा कोंबड्यांच्या खाद्याचं भांडंही असू शकते.

झिंक फॉस्फाइड वेगळ्या तऱ्हेने मारतं. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. पक्ष्यांना ते फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतं. कुत्र्याने ते खाल्लं आणि बंद खोलीत ओकलं, तर तो वायू जवळच्या माणसालाही बाधतो. ब्रोमेथालिन थेट मेंदूवर परिणाम करतं आणि त्यावर उतारा नाही.

कुत्र्या-मांजराने विष खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका. रक्त पातळ करणाऱ्या विषाची लक्षणं, म्हणजे हिरड्या फिक्या पडणं, धाप, खोकला, अंगावर सूज, दोन ते पाच दिवसांनी दिसतात. तोवर प्राणी ठणठणीत वाटतो आणि नेमका उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो. पाकीट सोबत घेऊन तडक पशुवैद्यांकडे जा. या प्रकारच्या विषावर व्हिटॅमिन के 1 चा उपचार चालतो, पण तो कित्येक आठवडे द्यावा लागतो. आपल्या मनाने ओकारी काढू नका आणि वर दूध किंवा भाकरीही घालू नका. झिंक फॉस्फाइड असेल तर पोटात अन्न गेल्याने आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो.

'घरगुती' म्हणजे निर्धोक नव्हे

पिठात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. ते कोंबडीने खाल्लं तर तिच्या गळ्याच्या पिशवीत, कुत्र्याने खाल्लं तर त्याच्या पोटात घट्ट गोळा होऊ शकतो. डांबराच्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतं. पेपरमिंटच्या तेलाचा वास दोन-चार दिवसांत उडून जातो, आणि अशी अर्क-तेलं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत. ध्वनिलहरींच्या यंत्राला उंदीर लवकरच सरावतात. घरात हॅमस्टर किंवा गिनीपिग असेल तर तो आवाज त्यालाही ऐकू जातो आणि तो पिंजऱ्यातून कुठे पळणार?

चिकट पट्टी तर खुराड्याजवळ नकोच. तिच्यावर चिमण्या, पाली, कोंबडीची पिल्लं, मांजराचा पंजा, काहीही अडकतं, आणि अडकलेला जीव तासन्‌तास तडफडत राहतो.

रात्रीचा दाणा

माझ्या मते सगळी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. कोंबडी अंधार पडला की आढ्यावर बसते आणि उजाडेपर्यंत काही खात नाही. उंदीर नेमका त्याच वेळात खातो. म्हणजे रात्री भांड्यात राहिलेला दाणा कोंबडीच्या काहीच कामाचा नसतो. तरीही लोक सकाळी एकदाच भांडं काठोकाठ भरतात, कारण ते सोयीचं असतं.

कोंबड्या संध्याकाळपर्यंत संपवतील तेवढंच घाला. सूर्यास्ताला भांडं उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकची बादली उंदीर कुरतडतो आणि गोणी तर त्याच्यासाठी उघडीच. भांड्याखाली सांडलेलं रोज झाडून घ्या. एका उंदराचं दिवसाचं पोट तीनेक ग्रॅम दाण्यात भरतं, त्यामुळे एवढासा सडाही त्याला पुरतो. पाय ठेवल्यावर झाकण उघडणारं भांडं चांगलं, फक्त कोंबड्यांना ते शिकायला काही दिवस लागतात, तोवर त्या उपाशी राहत नाहीत ना हे पाहा. कुत्र्याची वाटी, मांजराचं रात्रभर भरून ठेवलेलं कोरडं खाद्य, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे, उघडा ओला कचरा यांनाही हाच नियम. वेळेवर न उचललेली अंडीसुद्धा यातच येतात.

एक सावधगिरी इथेच घ्या. दाणा अचानक बंद झाला की भुकेले उंदीर घराकडे वळतात. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराखालची फट आणि पाइपांभोवतीची भोकं त्याच आठवड्यात बुजवा.

कोंबडीची जाळी उंदराला अडवत नाही

षटकोनी जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही एवढंच. उंदीर त्यातून आरामात येतो-जातो. त्याला साधारण 6 मिलिमीटरची फट पुरते. त्यामुळे चौकोनी वेल्डेड जाळी घ्या, तीही 6 मिलिमीटरहून बारीक घराची. जमिनीलगत ती फूटभर खाली गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाका, म्हणजे खणणाऱ्या घुशीही अडतात. भोकात नुसता फोम भरला तर तो कुरतडला जातो. आधी धातूची जाळी कोंबा, मग सिमेंट लावा. खुराडं जमिनीपासून फूटभर उंच आणि खालची जागा मोकळी असेल तर उंदरांना लपायला आडोसा राहत नाही. भिंतीला टेकलेल्या फळ्या, लाकडांचा ढीग, वाढलेलं गवत हटवा. महिनोन्‌महिने न बदललेल्या पेंढ्यात त्यांची घरटी हमखास सापडतात. उंदीर वाढले की त्यांच्या मागे साप येतो, त्यासाठीही ही साफसफाई मोलाची.

सापळा लावला, पण काही सापडत नाही

बहुतेक वेळा सापळा चुकीच्या जागी असतो. उंदीर मोकळ्या जागेतून चालत नाही, भिंतीला घासून जातो. चाप भिंतीला काटकोनात लावा, आमिषाचं टोक भिंतीकडे. तो घरट्यापासून फार लांब हिंडत नाही, म्हणून दोन-तीन मीटरवर एक या हिशेबाने बरेच चाप एकदम, थोड्या रात्रींसाठी लावा. महिनाभर पडून राहिलेल्या एकट्या चापाचा उपयोग नाही.

आमिष गेलं पण चाप मिटला नाही, तर आमिष जास्त झालंय किंवा मुंग्यांनी नेलंय. वाटाण्याएवढं शेंगदाण्याचं लोणी पुरे. तेही चाटून जात असतील तर खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा. चाप मिटलेला पण रिकामा सापडत असेल तर कदाचित तुमचा पाहुणा मोठा आहे. उंदराची लेंडी 3 ते 6 मिलिमीटरची असते, घुशीची त्याहून कितीतरी मोठी. मोठ्या जातींना नव्या वस्तूचा संशय येतो, तेव्हा दोन-तीन रात्री चाप न ताणता नुसतं आमिष ठेवा. कुठलं बीळ वापरात आहे हे कळत नसेल तर संध्याकाळी प्रत्येक बिळात कागदाचा बोळा ठेवा. सकाळी जो बाजूला सरकलेला असेल, तिथे चाप लावा.

उघडा चाप मात्र कधीच नको. तो फक्त उंदीर शिरेल एवढ्या भोकाच्या मजबूत पेटीत बसवा आणि पेटी जमिनीला पक्की करा. नाहीतर कोंबडीची बोटं किंवा मांजराचा पंजा तुटायला क्षण लागत नाही. जिवंत पकडणारा पिंजरा लावत असाल तर सकाळ-संध्याकाळ बघायलाच हवा. आत विसरलेला उंदीर तहान-भुकेने मरतो. पाण्याची बादली ठेवून बुडवण्याचा उपाय क्रूर आहे, आणि त्यात पिल्लूही पडू शकतं.

मांजरावर सगळा भरवसा टाकू नका. ते काही उंदीर मारतं, पण बिळातली पिल्लं तशीच राहतात आणि मांजराला उंदरापासून परजीवींची लागण होते. कोंबडीची लहान पिल्लंही त्याच्या नजरेत असतातच.

साफसफाई करताना

सुक्या लेंड्या झाडूने उडवू नका. उंदीर साल्मोनेला आणि लेप्टोस्पायरा हे जंतू पसरवतात, शिवाय धुळीबरोबर उडालेले जंतू श्वासातून आत जातात. हातमोजे घाला, जंतुनाशकाने जागा ओली करा, पाचेक मिनिटं थांबा, मग पुसून घ्या. खुराड्यात ब्लीच वापरायचं असेल तर आधी कोंबडीची विष्ठा काढून टाका आणि हवा खेळती ठेवा. विष्ठेतला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की घातक वायू तयार होतो. मेलेला उंदीर हातमोज्यांनीच उचला, दोन पिशव्यांत बांधा, मांजरापुढे टाकू नका.

इतकं करूनही प्रादुर्भाव आटोक्यात येत नसेल आणि बाहेरून माणूस बोलवावा लागला, तर काम सुरू होण्याआधी कोंबड्या, कुत्रं, मांजर आहे हे त्याला स्पष्ट सांगा. विषाशिवाय काय करणार ते विचारा. तरीही औषध टाकायचं ठरलं तर त्याचं रासायनिक नाव लिहून घ्या, ते नेमकं कुठे ठेवलं ते स्वतः पाहा, कोंबड्या बंदिस्त ठेवा आणि रोज सकाळी त्यांना सोडण्याआधी अंगणात मेलेले उंदीर शोधून उचला.