तळ्याकाठी घोड्यासह मुक्काम: दावण, पाणी आणि लीद

तळ्याकाठच्या उद्यानात घोड्यांसह मुक्काम करायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष रपेटीच्या वाटांकडे लागते. वस्तुतः रपेट हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. घोड्याचा आणि मालकाचाही कस लागतो तो रात्री, अनोळखी जागी, भिंत आणि दार नसताना. त्यामुळे तयारीचा मोठा भाग रात्रीची बांधणी आणि पाणी या दोन गोष्टींना द्यावा.

उद्यानाच्या कोणत्या भागात घोड्यांना उतरू देतात, झाडांना दावण बांधता येते का, अंडील म्हणजे खच्ची न केलेला घोडा चालतो का आणि आरोग्याचे कोणते दाखले लागतात, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. तेथे पोहोचून चौकशी करणे म्हणजे अक्षरशः वरातीमागून घोडे. काही उद्यानांत तणाच्या बियांपासून मुक्त असलेले वाळके गवतच आणावे लागते. तसा नियम असल्यास निघण्याच्या सुमारे आठवडाभर आधीपासून ते नेहमीच्या चाऱ्यात मिसळत जावे आणि शेवटचे दोन-तीन दिवस तेवढेच द्यावे. चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठण्याची भीती असते, आणि आधीच्या चाऱ्यातील बी पोटात राहिले तर ते लिदेतून उद्यानात जाऊन रुजते. सुमारे ५०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी साडेसात ते दहा किलो वाळका चारा लागतो, त्या हिशेबाने आणि एका दिवसाचा जादा चारा धरून सामान भरावे. काठावरच्या गवतावर भिस्त ठेवू नये. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र घरी देतो तेवढीच द्यावी. कौतुकाने वाढवू नये.

आता दावण. घोडा थेट झाडाला बांधणे ही तळावरची सर्वांत वाईट सवय होय, कारण कंटाळलेला घोडा साल कुरतडतो, टापांनी मुळे उघडी पाडतो आणि खोडाची साल सभोवार निघाली की ते झाड मरते. त्याऐवजी दोन मजबूत, जिवंत झाडांच्या मध्ये, घोड्याच्या डोक्याहून उंच, म्हणजे जमिनीपासून सुमारे दोन ते सव्वादोन मीटरवर, दोर ताणून बांधावा. हीच दावण. खोडाभोवती दोर न आवळता रुंद कापडी पट्टा गुंडाळावा आणि दोर त्या पट्ट्याच्या कडीत ओवावा. दोर सैल राहिला तर घोड्याने ओढ घेताच त्याला मध्ये झोळ पडतो आणि दावे, म्हणजे घोड्याला दावणीशी जोडणारी दोरी, लोंबू लागते. म्हणून बांधून झाल्यावर स्वतःच्या वजनाने लोंबकळून पाहावे आणि पुन्हा ताणून घ्यावा. दावणीवर दाव्यासाठी फिरती कडी असावी, म्हणजे घोडा गोल फिरला तरी पीळ पडत नाही. दाव्याची लांबी एवढी ठेवावी की घोड्याचे नाक जमिनीवरच्या चाऱ्यापर्यंत पोहोचावे, पण दाव्याचा फास पायात अडकण्याइतकी ढील उरू नये. गाठ सुरगाठच हवी. घोडा भेदरून मागे रेटू लागला असता निरगाठ सोडवत बसायला सवड नसते, आणि त्याच कारणासाठी धारदार चाकू कमरेला असावा. दोन घोड्यांत एकमेकांना लाथ पोहोचणार नाही इतके अंतर सोडावे. दावणीची जागा निवडताना वर वठलेली फांदी आणि आसपास कण्हेरीसारखे विषारी झाड नाही, हेही पाहावे. विजेच्या तारेचे हलके कुंपण अधिक सोयीचे वाटते, पण घोड्याने ते घरी आधी ओळखलेले असेल तरच. नवख्या घोड्याला हरीण दिसले की तो तार तोडून निघून जातो.

तळे समोरच असल्याने पाण्याची चिंता नाही, असे मानणे चुकीचे ठरते. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हात श्रम झाले तर त्याहून अधिक. मात्र चव किंवा वास वेगळा लागला की तो तहानलेला असूनही तोंड फिरवतो. पहिल्या दिवसापुरते घरचे पाणी सोबत न्यावे आणि त्यात तेथील पाणी थोडेथोडे मिसळत जावे. तळ्याच्या पाण्यावर हिरवट-निळसर, सांडलेल्या रंगासारखी साय दिसली तर घोड्याला त्या काठी नेऊच नये. त्यातील काही नीलहरित शैवाले यकृतावर आणि मज्जासंस्थेवर आघात करणारी विषे तयार करतात, आणि ती उकळूनही नाहीशी होत नाहीत. पाणी स्वच्छ असले तरी ते बादलीने वर आणून पाजावे. टापांखाली ओला काठ ढासळतो. दावण पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असावी.

घोड्याला तळ्यात उतरवण्याची परवानगी असेल तर टणक तळ असलेली उतरती जागा निवडावी, मान खाली जखडणारा पट्टा आधी सोडावा आणि त्याने पुढचा पाय पाण्यात आपटायला सुरुवात केली की त्याला पुढे चालवावे. पुढची पायरी बहुधा खोगिरासकट लोळण्याची असते.

पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठून पाहावे. स्वस्थ घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ पडते. हिरडी बोटाने दाबून सोडली असता तिचा रंग दोनेक सेकंदांत परततो. तो कुशीकडे वळून पाहत असेल, वारंवार लोळत असेल, लीद टाकत नसेल, तर पोटशूळ समजून लगेच चारा काढून घ्यावा आणि पशुवैद्याला फोन करावा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे ‘सकाळपर्यंत पाहू’ हा विचार घातक ठरतो. पशुवैद्याचा क्रमांक आणि तळावर मोबाइलला रेंज कोठे मिळते, हे दोन्ही दिवसाउजेडी पाहून ठेवावे. म्होरकीवर, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यावर, आपला फोन क्रमांक असलेला बिल्ला लावावा. घोडा सुटलाच तर त्याच्यामागे धावू नये. बाकीचे घोडे बांधलेलेच ठेवून चंदीची बादली खळखळवावी, कारण सोबत्यांपासून तो सहसा लांब जात नाही.

राहिली लीद. एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो. पावसाच्या पाण्याबरोबर तिच्यातील फॉस्फरस तळ्यात उतरला की त्यावर तीच विषारी शैवाले पोसतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ लीद गोळा करून उद्यानाने नेमलेल्या जागी टाकावी. तशी जागा नसेल तर पोत्यांत भरून परत न्यावी. सांडलेला चारा उचलावा, टापांनी पडलेले खड्डे बुजवावेत आणि दावण सर्वांत शेवटी, घोडे गाडीत चढल्यावरच सोडावी.