नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाताना या चुका टाळा

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: तो गुरुद्वाऱ्याला देऊळ समजतो. येथे मूर्ती नसते, दरबार असतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी याच गावी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले, त्यामुळे ग्रंथावरचे छत्र, त्यावर ढाळली जाणारी चवरी आणि सकाळचा ‘प्रकाश’, म्हणजे ग्रंथ उघडण्याचा विधी, हे सारे जिवंत गुरूला, किंबहुना राजाला, द्यायचे मान आहेत. एवढे ध्यानात घेतले की बाकीचे नियम सहज उमजतात.

सर्वाधिक गोंधळ डोक्याच्या बाबतीत होतो. टोपी चालत नाही. रुमाल, ओढणी किंवा पदर हवा, आणि तो लंगरमध्येही, म्हणजे सामुदायिक भोजनाच्या वेळीही, डोक्यावरच राहिला पाहिजे. रुमाल विसरला असेल तर परत फिरू नका, प्रवेशद्वारापाशी तो बहुधा मिळतो. जोडे जोडाघरात ठेवावेत आणि हातपाय धुऊन आत जावे. खिशातील तंबाखूची पुडी किंवा सिगारेट मात्र मुक्कामाच्या खोलीवरच सोडून यावी, कारण शीख रहितमर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, तंबाखू वर्ज्य आहे आणि ‘मी कुठे खातोय, नुसती खिशात आहे’ हा खुलासा येथे कामाचा नाही.

नारळ फोडण्याची किंवा उदबत्ती लावण्याची घाई करू नये. माथा टेकून, इच्छा असल्यास गोलकीत, म्हणजे दानपेटीत, पैसे टाकून, संगतीत (जमलेल्या भाविकांत) जमिनीवर बसावे. पाय ग्रंथसाहिबाच्या दिशेने पसरू नयेत. गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नसेल तर सेवादाराला, म्हणजे सेवा करणाऱ्या स्वयंसेवकाला, विचारावे, तो सोय सांगतो. अरदास, म्हणजे उभ्याने केली जाणारी प्रार्थना, सुरू असताना पोहोचलात तर वाट काढत पुढे जाण्याऐवजी आहात तिथेच हात जोडून उभे राहावे. अंगीठा साहिबच्या, म्हणजे गुरू गोविंदसिंगजींच्या अंत्यसंस्काराच्या जागेच्या, आतील दालनात भाविकांना प्रवेश नसतो, तेव्हा तेथे हट्ट धरू नये. ग्रंथाला ‘पुस्तक’ म्हणू नये. त्याच्या १४३० पानांनाही ‘अंग’ म्हणतात. आणि हा ग्रंथ आपल्याला परका आहे असे तर मुळीच मानू नये, कारण त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत.

कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला कडाह प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. मधुमेह असेल तर नाकारण्याऐवजी ‘थोडासाच द्या’ असे म्हणावे.

लंगरमध्ये मात्र आपली लग्नातील सवय आड येते. पंगत हा शब्द दोन्हीकडे आहे, पण येथे आग्रह करणारा यजमान नसतो, म्हणून ताटावर आडवा हात धरून खोटे ‘पुरे पुरे’ म्हणणाऱ्याला खरोखरच वाढले जात नाही. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यावी. हवे तेवढे, हवे तितक्या वेळा मागावे, मात्र ताटात काही टाकू नये. ओळखीच्यांसाठी जागा अडवून ठेवणे तर पंगतीच्या कल्पनेलाच छेद देणारे आहे, कारण जो येईल तो शेजारी बसतो, मग तो कोणीही असो. जेवण झाल्यावर किती पैसे झाले, असे विचारू नये. अगदीच राहवत नसेल तर भांडी घासणाऱ्यांच्या ओळीत जाऊन उभे राहावे. तेथे जागा मिळतेच.