नववी-दहावीचं पोर गप्प झालंय? आधी त्याला खोलीबाहेर काढा

मी परळला चाळीत दहावीच्या शिकवण्या घेतो, पंधरा वर्षं झाली, आणि डिप्रेशनमधलं पोर रडत बसलेलं मी क्वचितच पाहिलंय. बहुतेकदा ते चिडतं. आईने जेवलास का विचारलं तरी अंगावर येतं, रात्रभर पोटमाळ्यावर जागं, सकाळी उठता उठत नाही, शाळेच्या टायमाला रोज पोटात दुखतं आणि सोनोग्राफी नॉर्मल. आपण म्हणतो वयच आहे, मोबाईलचं खूळ आहे. असेलही. पण हे सलग २ आठवडे चाललं, आणि खालून मित्र क्रिकेटला हाका मारतायत तरी हा गॅलरीत डोकावतही नाही, असं झालं की मनावर घ्या.

घरात विचारू नका. १० बाय १२च्या खोलीत आजी, टीव्ही, मोरीत कपडे धुणारी ताई, भिंतीपलीकडे शेजारी, तिथे कोण काय बोलणार? खाली आणा, वडापाव घ्या आणि चालायला लागा, शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही ना, मग बोलणं सुटतं. एक पोरगा भारतमाता टॉकीजपासून दादरपर्यंत माझ्यासोबत एक शब्द न बोलता आला आणि टिळक ब्रिजवर एकदम म्हणाला, "सर, मला सकाळच नको वाटते."

अशा वेळी 'आमच्या वेळी गिरण्या बंद पडल्या तरी' चालू करू नका, माझा बाप ८२च्या संपातला, ते लेक्चर मला पाठ आहे, उपयोग शून्य. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट पोराला हलकं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या, उंदराचं औषध उचलून ठेवायचं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

एवढं नसेल तर आधी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. मुंबईत केईएम, सायन, नायर तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, पोर १८च्या आतलं म्हणून आई-बापापैकी एकजण सोबत हवा. गोळ्या दिल्या तर फरक पडायला काही आठवडे जातात, चार दिवसांत मनाने बंद करू नका, आणि सुरुवातीला पोरावर जरा जास्तच लक्ष ठेवा.

शेजारच्या काकूंनी विचारलंच तर पोटाच्या डॉक्टरकडे चाललोय सांगा. पोट तसंही दुखत होतंच.