कुशीपासून कुशीपर्यंत : आडवा, ढगळ, वेणीचा स्वेटर

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, यावलच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत रात्रीची लाइट आली की गारठ्यातही केळीला पाणी द्यायला मळ्यात जावंच लागतं. अंगाला चिकटणारा स्वेटर तिथे कामाचा नाही. आत सदरा आणि बंडी मावली पाहिजे, हात वर गेला पाहिजे. म्हणून मी यांचा स्वेटर आडवा विणते. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या, “हाई आडवं काय इनी ऱ्हायनी व माय?”

आडवा म्हणजे खालच्या काठापासून वर न जाता एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे. इथे टाके म्हणजे लांबी आणि ओळी म्हणजे रुंदी. घेर आधी ठरवायची गरज नाही. अंगाला लावून बघायचं, कमी वाटला तर आणखी आठ ओळी. लांबी मात्र पहिल्याच दिवशी पक्की होते, आणि तिथेच मी फसले. मापासाठी छोटा नमुना साधा विणला, इंचाला ५ टाके आले, २४ इंचांचे १२० घातले. वेणी, म्हणजे पीळ दिलेली वीण, टाके आवळून घेते, इंचात ६ बसतात, हे डोक्यातच आलं नाही. स्वेटर २० इंचांचा झाला, बेंबीशी येऊन थांबला. आता तो पुतण्या घालतो. तेव्हा नमुना वेणीचाच विणा, धुऊन वाळवा, मगच टेप लावा.

माझं माप: छाती ३८, तयार घेर ४८, लांबी २४ इंच. ७ नंबरची वायरची सुई, म्हणजे दोन टोकं वायरने जोडलेली. इतके टाके सरळ सुईवर मनगट दुखवतात. इंचात ६ टाके, ७ ओळी. लोकर एकाच डाय-लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, एकदमच घ्या.

पाठ आणि पुढा वेगवेगळे विणायचे. १४४ टाके घाला. खालच्या काठाचे ६ टाके दोन्ही बाजूंनी सुलटच, म्हणजे काठ वळत नाही. पुढे ३ उलट, मग ‘६ सुलट, ३ उलट’ पंधरा वेळा. परतीच्या ओळीत टाके दिसतील तसे. दर आठव्या ओळीला पीळ: सहातले पहिले ३ टाके मोज्याच्या (दोन टोकांच्या) सुईवर काढून पुढे सोडा, मागचे ३ सुलट विणा, मग सोडलेले ३. इथे हात ढिला ठेवा. पहिल्या पिळाला टाके कचकन ओढले जातात आणि मध्ये भोक दिसतं. दोरा बोटावर घट्ट न धरता नुसता टेकवला की ते मिटतं.

५६ ओळी झाल्या की खांदा झाला. आता पुढ्याचा गळा. गळ्याकडून सुरू होणाऱ्या ओळींत आधी १० टाके बंद, मग दर वेळी २, असं चारदा. एकूण १८, म्हणजे वरच्या दोन वेण्या अख्ख्या गेल्या. मधे सरळ विणा आणि शेवटी त्याच हिशेबाने उलट क्रमाने टाके परत घाला. गळ्याच्या ओळीही ५६. पाठीला एकच वेणी, ९ टाके, एका दमात. मग दुसऱ्या खांद्याच्या ५६ ओळी आणि टाके बंद.

खांदे शिवताना आतून बारीक सुती पट्टी लावा. विणलेलं कापड टाक्यांच्या दिशेने जास्त ताणतं, आणि आडव्या विणीत ती दिशा उभी येते. म्हणून असा स्वेटर वजनाने लोंबतो; पट्टीने निदान खांदे ताणत नाहीत.

बाहीसाठी खांद्यापासून खाली पुढ्याचे ४८ आणि पाठीचे ४८ टाके उचला. पाच-पाच वेण्या अंगावरून तशाच हातावर उतरतात. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी, चोवीस वेळा. ४८ उरले की मनगटाची एक सुलट-एक उलट पट्टी. कुशी आणि बाहीची शिवण एकाच धाग्याने जाते. गळ्याची पट्टी ९ नंबरच्या, म्हणजे आणखी बारीक सुईवर, इंचभर. बंद करताना सैल, नाहीतर डोकं अडकतं.

धुतल्यावर दोरीवर टाकू नका. खाटेवर चादर पसरून, सावलीत, हाताने सारखा करून ठेवा. माझा सुकायला दोन दिवस लागले.