रोहयोची विहीर: पत्रकार अन् कार्यकर्त्यानं मिळून घोटाळा कसा काढायचा

रोजगार हमी योजनेतल्या (रोहयो) विहिरींच्या कामात आपल्याकडं होतं काय, कार्यकर्ता कागद हातात पडल्या पडल्या व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो, पत्रकार त्यावरून चार ओळी छापतो अन् तोवर तिकडं रेकॉर्ड नीट करून ठेवलेलं असतं. म्हणून आधीच ठरवा, कागद अन् शिवार जुळवल्याशिवाय कुणीच काही टाकायचं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज कार्यकर्त्यानं करावा, शक्यतो गावाबाहेरच्यानं, कारण सांगायची गरज नसते. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय अन् १५० शब्द, त्यामुळं 'तालुक्यातल्या सगळ्या विहिरी' असलं मागू नका, एक गाव, एक काम, अन् नेमकं मागा: मस्टर (मजुरांचा हजेरीपट), एमबी (कामाच्या मोजमापाचं पुस्तक), अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, फोटो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस वाट, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, तिथं लई वेळ जातो, तोवर रोहयोच्या, म्हणजे नरेगाच्या साइटवरून मस्टर काढून ठेवा, ते सगळ्यांना उघडं असतं.

आता खरं काम. मस्टर घेऊन पारावर बसा अन् एकेक नाव विचारा. बीडकडं तर जानेवारीचं मस्टर आधी बघायचं, कारण निम्मं गाव तेव्हा ऊसतोडीला गेलेलं असतं, अन् कागदावर तीच माणसं इथं विहीर खोदत असतात! मुकादमाला विचारा टोळी कधी गेली, मजुराच्या पासबुकात मजुरी कधी पडली अन् कुणी काढली ते बघा. मग विहिरीत टेप सोडा, एमबीतल्या खोलीशी ताडा, कडेला जेसीबीच्या दातांचे ओरखडे दिसले, म्हणजे मजुरांच्या नावावर यंत्रानं खोदलं, तर तारखेसकट फोटो. मजुराला मात्र चोर ठरवू नका, शे-पाचशे घेऊन त्यानं अंगठा दिलेला असतो, बातमी बिल काढणाऱ्याची आहे. त्याचा खाते नंबर छापायचा नाही.

अधिकाऱ्याची बाजू पत्रकारानं लेखीच मागावी. ठेकेदार 'या, बसू' म्हणला तर कुणीच एकट्यानं जाऊ नका, निस्ता चहा घेतला तरी गावात सेटलमेंट झाली असंच बोलतात. शिवाय पत्रकारावर हल्ला झाला तर २०१७ चा राज्याचा कायदा तरी आहे, कार्यकर्त्याला तोही नाही. सगळ्या कागदांची एक कॉपी तिसऱ्याच माणसाकडं ठेवा.

बातमी येईल त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या, अन् महिन्यानं त्याच तक्रारीचं काय झालं यावर पुन्हा माहिती अधिकार टाका.