जलोदराच्या रुग्णात आधी मान पाहा: नव्या निवासी डॉक्टरांसाठी

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षी पोट फुगलेला रुग्ण समोर आला की सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते कडक होणे) हेच निदान आधी सुचते, आणि दारूचे व्यसन असल्याचे कळले तर पुढचा शोध बहुधा तिथेच थांबतो. हृदय व यकृत दोन्ही बिघडलेले रुग्ण पाहत आल्यावर माझे ठाम मत झाले आहे की पोट तपासण्याआधी मान, म्हणजे मानेतील शीर, पाहावी.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे २५ टक्के भाग यकृतातून जातो आणि यकृतशिरांतून अधोमहाशिरेवाटे उजव्या कर्णिकेत परततो. उजव्या कर्णिकेतील दाब अडवणारी झडप वाटेत नसल्यामुळे हृदयाची उजवी बाजू तुंबली की यकृतही तुंबते, सुजते आणि पोटात पाणी साठू लागते. हाच वाढलेला दाब मानेतील शीर फुगवतो, म्हणून ती आधी पाहायची.

आमच्याकडे सिरोसिसचा शिक्का घेऊन आलेल्या एका तरुणाच्या मानेत ४५ अंशांवर निजवले असता शीर उडताना दिसत नव्हती. ताठ बसवले तेव्हा मात्र शीर थेट कानाच्या पाळीखाली उडताना दिसली आणि श्वास आत घेताना ती आणखी वर चढली. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटीत हृदयावरण जाड होऊन आवळल्याचे निष्पन्न झाले. आपल्याकडे या आजारामागे अनेकदा क्षयरोग असतो आणि शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो, म्हणून तो निसटू देणे मला अक्षम्य वाटते.

पोटातील पाण्याच्या तपासणीत केवळ सागवर (रक्तातील आणि पोटातील पाण्यातील अल्ब्युमिनच्या पातळीतला फरक) विसंबू नका, कारण हृदयविकार आणि सिरोसिस या दोन्हींत तो १.१ किंवा अधिक येतो. पाण्यातील प्रथिने प्रति डेसिलिटर २.५ ग्रॅमपेक्षा जास्त असतील तर संशय हृदयावर घ्यावा.

सिरोसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि हातपाय उबदार राहतात, त्यामुळे हृदयावरचा भार हलका होऊन त्याचा अशक्तपणा झाकला जातो. इकोतील इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर फेकते ते) चांगले दिसले तरी निर्धास्त होऊ नये. दोन्ही आजार एकत्र असतील तर औषधांची ओढाताण होते: हृदयासाठी दिलेली एसीई इनहिबिटर (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे) जलोदर असलेल्या सिरोसिसमध्ये मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. वाढलेला आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) पाहून रक्ताची गुठळी होणार नाही असेही समजू नये.

पोट फार ताणलेले असेल तर त्या दाबानेही मानेतील शीर फुगते, म्हणून पाणी काढल्यावर ती पुन्हा पाहावी आणि दोन्ही वेळची नोंद केसपेपरवर करावी.