जुन्या वाड्यातला शिशाचा रंग तपासताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीला पुण्या-मुंबईहून मराठवाड्यातल्या आपल्या गावी येणाऱ्या काही मंडळींच्या सामानात हल्ली शिसे तपासण्याचे किटही असते, आणि घरात रांगते मूल असेल तर ते असायलाच हवे. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा माहीत नाही, आणि सर्वाधिक हानी होते ती लहान मुलांच्या मेंदूची. तक्रार एवढीच आहे की बहुतेक जण ओसरीवर चहा येईपर्यंतच्या वेळात ही तपासणी उरकतात आणि चहा संपण्याआधी वाड्याला प्रमाणपत्र देऊन मोकळे होतात. जुन्या घरांच्या दुरुस्तीनिमित्त अंबाजोगाई, पैठण, उदगीर, नांदेड अशा गावांतून माझे फिरणे असते, आणि सगळीकडे त्याच त्या चुका दिसतात.

वरच्या थरावर स्वॅब फिरवणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिच्याविषयी लिहिताना माझा संयम राहत नाही. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे अलीकडे दिलेल्या वरच्या हाताला शिसे सापडले नाही, यात नवल काहीच नाही. शिसे असते ते खाली, आजोबा-पणजोबांच्या काळातल्या ऑइलपेंटमध्ये, आणि वरून फिरवलेला स्वॅब, म्हणजे शिसे लागले की गुलाबी-लाल होणारी किटमधली काडी, तिथे पोहोचतच नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका वाड्यात मी माळवदाची गळती पाहायला गेलो होतो. घरातल्या धाकट्या चिरंजिवांनी आदल्या दिवशी खिडकीच्या क्रीम रंगावर स्वॅब घासला होता, तो कोरा निघाला होता, आणि त्या भरवशावर पेंटर सकाळपासून त्याच खिडकीच्या झडपा कोरड्या पॉलिश पेपरने घासत बसला होता. शेजारच्या खोलीत पाळणा टांगलेला होता आणि मधले दार सताड उघडे होते. मी आधी पेंटरचा हात थांबवला, पाळणा परसाकडच्या खोलीत हलवायला सांगितले, मग झडपेचा न घासलेला कोपरा पाण्याने ओला करून नव्या ब्लेडने तिरपी खाच मारली. क्रीमखाली आकाशी, त्याखाली गडद हिरवा, त्याखाली पिवळ्याची बारीक रेघ आणि मग सागवान, असे थर उघडे पडले. स्वॅब त्या कापावर अर्धा मिनिट दाबून घासला तेव्हा आकाशीपाशी काही झाले नाही. हिरव्या आणि पिवळ्या कडांवर मात्र हळूहळू गुलाबी छटा चढू लागली. "काका, काल तर काहीच आलं नव्हतं," चिरंजीव म्हणाले. "काल तू वरचा रंग तपासलास, बाबा," एवढेच मी म्हणालो. बाकीचे त्याच्या आजीने ऐकवले.

हिरव्यावर गुलाबी का आले, हेही कळून घ्यावे. त्या काळी पिवळ्या ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट हे शिशाचे पिवळे रंगद्रव्य सर्रास असे आणि त्यातच निळा मिसळून हिरवा केला जाई. लेड क्रोमेट सहजी विरघळत नाही, म्हणून रंग उमटायला वेळ लागतो, आणि उतावळा माणूस तोवर स्वॅब फेकून पुढच्या खोलीत गेलेला असतो. मी खाच मारल्यावर स्वॅब घासतो, घड्याळ पाहतो, आणि पिवळा किंवा हिरवा थर असेल तर त्या जागी पुन्हा येऊन पाहतो. खाच लाकूड किंवा लोखंड दिसेपर्यंत गेलीच पाहिजे. त्याआधी थांबलेल्या खाचेला मी खाच मानत नाही.

गणेशपट्टीचा शेंदूर आणि उंबऱ्याचे कुंकू

दुसरी चूक उलट्या बाजूची आहे. एका गृहस्थांनी वाड्याच्या दिंडी दरवाजाची चौकट तपासली, स्वॅब लालभडक झाला, आणि त्यांनी मुलाबाळांसह त्याच संध्याकाळी लॉज गाठला. चौकट पाहिली तेव्हा त्यांनी नेमका गणेशपट्टीच्या खालचा भाग निवडल्याचे दिसले, जिथे वर्षानुवर्षे तेलात कालवलेला शेंदूर लावला जातो आणि उन्हाळ्यात तो ओघळतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच असल्यामुळे स्वॅब खोटे बोलला असे म्हणता येत नव्हते. पण त्याने सांगितले ते शेंदराबद्दल, दाराच्या रंगाबद्दल नव्हे. उंबऱ्यापाशी आणखी वेगळा घोटाळा होतो. तिथले कुंकू ओल्या स्वॅबला नुसतेच लागते आणि शिसे नसतानाही लाल खूण दिसते. गेरू आणि लाल ऑइलपेंट यांचेही तेच.

यावर माझी सवय अशी आहे की किट उघडण्यापूर्वी साध्या पाण्याने ओला केलेला कापूस त्या जागेवर घासून पाहायचा. कापूस लाल झाला तर ती जागा सोडून द्यायची आणि पूजेचा हात पोहोचत नाही अशी जागा शोधायची; चौकटीच्या आतल्या अंगाला बिजागरीजवळ ती बहुधा मिळते. शेंदूर मात्र मुलांच्या हाती लागू नये, हे त्या गृहस्थांना मी वेगळे सांगितले, आणि लॉजवरून परत यायलाही सांगितले.

बाकीच्या चुका

कोऱ्या निघालेल्या स्वॅबवर तसाच विश्वास ठेवू नये. किटसोबत शिशाचा ठिपका असलेले पडताळणी कार्ड असेल तर तोच स्वॅब त्यावर टेकवावा. तिथेही रंग आला नाही तर स्वॅब निकामी आहे आणि तपासणी झालेलीच नाही. पीओपी किंवा जिप्समची धूळ स्वॅबला लागली तर त्यातल्या सल्फेटमुळे शिसे असूनही रंग उमटत नाही, म्हणून भिंतीची खाच आधी पुसून घ्यावी. मे महिन्यात किट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

शिसे लागले की गुलाबीऐवजी काळे पडणारे, म्हणजे सल्फाइडचे किट खिडकीच्या गजांवर वापरू नये, कारण लोखंडही त्याने काळे पडते. पिवळ्या बल्बच्या उजेडात गुलाबी छटा ओळखू येत नाही. स्वॅब अंगणात नेऊन पाहावा. चुन्याच्या भिंतींवर किट संपवू नये, कारण नुसत्या चुन्यात शिसे नसते. दारे, खिडक्या, गज, कठडे आणि जिथे झडप चौकटीला घासते ती कड आधी तपासावी, कारण धूळ तिथेच तयार होते. "घर नवे आहे" हेही ऐकून घेऊ नये. लातूर-धाराशिव पट्ट्यात १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बांधलेल्या सिमेंटच्या घरांतही जुन्या वाड्याची सागवानी दारे बसवलेली मी पाहिली आहेत.

देवगिरी, वेरूळ किंवा कोणत्याही संरक्षित वास्तूत ब्लेड बाहेर काढूच नये. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याने तो गुन्हा आहे. मुक्कामाच्या जुन्या विश्रामगृहातही खाच मारण्यापूर्वी विचारावे, आणि परवानगी नसेल तर आधीच उडालेल्या पोपड्याची कड तपासावी.

स्वॅब शिसे आहे का एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. त्यातून ही किटे जुन्या रंगासाठी बनवलेली आहेत, जिथे अमेरिकेत वजनाच्या ०.५ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम ही मर्यादा धरतात. ९० पीपीएमचा निकष डब्यातल्या नव्या रंगाचा आहे, त्यामुळे कोरा स्वॅब दाखवून "नियमात बसते" म्हणणे निरर्थक आहे. आकडा हवा असेल तर सर्व थरांसह, लाकडापर्यंतचा पोपडा झिपच्या पिशवीत घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. अहवाल वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की शिशाच्या एका थरावर बिनशिशाचे अनेक थर असले तर सरासरी आकडा कमी दिसतो.

खाच मारताना खाली ओला कागद धरावा, पडलेले कण ओल्या फडक्याने टिपावेत, झाडू लावू नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. अहवाल येईपर्यंत खाचेवर चिकटपट्टी लावून ठेवावी. पेंटर रिकामा बसला म्हणून कुरकुर करत असेल तर त्याला तोवर चुन्याच्या खोल्यांकडे पाठवावे; ब्लो लॅम्प मात्र त्याच्याकडून काढून घ्यावा, कारण जुना रंग जाळताना शिशाचा धूर थेट छातीत जातो.